जागेवर जाऊन बघणारा माणूस

अहो, काल दत्ता येऊन गेला.

तुम्ही गेलात त्या दिवशीही तो आला होता, पिंगळीहून, ड्यूटीच्याच कपड्यांत. पण तेव्हा अंगणात माणसं होती आणि मी कुणाशीच धड बोलत नव्हते. काल आला तो एकटा. तुमच्या हाताखाली सिग्नलचं काम शिकलेला दत्ता आता स्वतः मेंटेनर आहे, लग्न झालंय, घरात रांगती पोर आहे. तरी आपल्या दारात चपला अजून इतक्या कडेला काढतो, की आत साहेब बसलेत असं वाटावं. पाणी प्यायला, तुमच्या फोटोकडे बघितलं आणि मग खाली बघत म्हणाला, "काकू, आप्पा असते तर त्येंलाच इचारलं असतं. आता तुमालाच इचारावं लागायलंय."

"विचार की."

"आमची सविता. बाळंतपणापासून अंग दुखायलंय म्हणती. आधी पाठ, मग खांदे, आता सगळंच. झोपून उठली तरी कुणी बडवून काढल्यासारखं वाटतं म्हणती. परभणीला दोन डॉक्टर केले. रक्त तपासलं, एक्स-रेचे फोटो काढले. सगळे रिपोर्ट नॉर्मल." त्यानं पेला खाली ठेवला. "आई म्हणती, हिला कामाचा कंटाळा हाय. रविवारी तिचा भाऊ यायलाय न्यायला. आई म्हणती, जाऊ दे माहेरी, बरी झाली की ये म्हणावं."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मला कळंना झालंय. ती खोटं बोलणारी न्हाई. पण मशीनचे रिपोर्ट तरी खोटे कसे म्हणू?"

'बरी झाली की ये' या वाक्याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. असल्या दुखण्याला बरं होण्याची तारीख नसते. त्या वाटेनं गेलेली बाई परत कधी येते, कधी येत नाही. मी दत्ताला म्हटलं, शनिवारी सविताला घेऊन ये. मी डॉक्टर नाही, पण बोलू. तो गेला, आणि मला कळेना की मी नेमकं काय बोलणार आहे. आजवर असं काही ठरवायचं असलं की मी तुमच्याशी भांडून ठरवत आले. म्हणून आज कॉलेजातून आल्यावर हे लिहायला घेतलं. हात दुखला की थांबेन. तुम्हाला वाट बघायची सवय आहे.

सविताला तेच आहे असं मी म्हणत नाही. पण दत्ता सांगत होता तेव्हा मला माझ्याच दुखण्याचा पहिला पावसाळा आठवत होता. त्या वर्षी इथं अर्ध्या पूर्णा गावाला चिकुनगुन्या झाला होता. गल्लीतली माणसं भिंत धरून चालायची. पुढे एकेक करून सगळे सरळ झाले. माझा ताप गेला आणि दुखणं तेवढं मुक्कामाला राहिलं. आज मांड्या, उद्या मान, परवा दोन्ही दंड. केस विंचरायला हात वर नेला की खाली आणावासा वाटायचा. लेकीनं मागून येऊन गळ्यात हात टाकले तरी मी कळवळायचे, आणि तिचा चेहरा पडायचा. कॉलेजच्या ग्रंथालयात, माझ्या कामाच्या जागी, तर निराळीच तऱ्हा. ज्या कपाटांमधून मी डोळे मिटून पुस्तक काढायचे, त्यांच्यापुढे हातात चिठ्ठी घेऊन उभी राहायचे आणि काय शोधायला आले तेच आठवायचं नाही. मुलं म्हणायची, मॅडम, बसा, आम्ही शोधतो.

हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. दुसऱ्यांनी जीवनसत्त्वं दिली. तिसरे म्हणाले, वय झालं, आणि चौथे म्हणाले, टेन्शन घेऊ नका. प्रत्येक वेळी रिपोर्ट चांगले यायचे आणि प्रत्येक वेळी मी थोडी अधिक एकटी व्हायचे. आजारी माणसाला वाईट रिपोर्टची आशा वाटावी, ही किती विचित्र गोष्ट आहे. ते कागद हातात घेऊन दवाखान्यातून बाहेर पडताना मला आनंद व्हायला हवा होता, आणि मला वाटायचं, आता घरी काय सांगू?

तुम्हाला काही सांगावं लागलं नाही. पालमला तुमच्या बहिणीच्या, शकूच्या मुलाचा साखरपुडा होता, आठवतं? आत बायका पोळ्या लाटत होत्या आणि मी खुर्चीवर बसून कोथिंबीर निवडत होते. शकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वहिनी, तुमचं दुखणं लय शाणं हाय बगा. पोळपाट दिसला की येतं अन् फोटो काढायला गेलं की गायब." सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण मंगलकार्याच्या घरी दुसरं काय करणार. तुम्ही दारातून पाण्याची घागर घेऊन चालला होतात. ती खाली ठेवलीत.

"शके, ड्रायव्हर म्हणला सिग्नल दिसंना, अन् स्टेशन मास्तर म्हणला हापिसातल्या पॅनलवर तर सगळं ठीक दिसायलंय, तर मी काय करायचो, म्हाईत हाय का?"

"काय करायचास?"

"ड्रायव्हरचं ऐकायचो. अन् जागेवर जायचो. चालत."

"मग? त्येचं हितं काय?"

"हिच्या दुखण्याच्या जागेवर मी रोज हाय. तू पालमात बसून पॅनल बघायलीस."

आणि मग तुम्ही, सरळ बायकांच्या घोळक्यात मांडी घालून, शकूपुढचा पोळपाट ओढलात. तुम्ही लाटलेली पोळी मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या नकाशाला शोभली असती. शकू हसून हसून बेजार झाली, "उठ दादा, उठ, पाव्हणे बघतील," म्हणाली, आणि आपण निघताना मात्र तिनं माझ्या हातात तेलाची बाटली दिली, रात्री लावा म्हणून. ती वाईट नव्हतीच. तिला दिसत नव्हतं एवढंच.

पण अहो, विश्वास ठेवला म्हणजे सगळं जमलं असं नाही, हेही दत्ताला सांगायला हवं. तुमची सगळ्यात मोठी चूक तुमच्या मायेतूनच झाली. रेल्वेत रुळाचं काम निघालं की ब्लॉक घेतात, त्या भागातल्या गाड्या बंद करतात, काम पुरं झालं की लाइन पुन्हा खुली. तुम्ही माझा तसा ब्लॉक घेतलात. साठवलेली रजा टाकलीत आणि जाहीर केलंत, "गिरिजा, महिनाभर तू पलंगाच्या खाली उतरायचं न्हाई." स्वयंपाक तुम्ही, धुणं तुम्ही, मला पाण्याचा तांब्याही उचलू दिला नाहीत. पहिले चार दिवस बरे गेले. मग पाठ लाकडासारखी झाली, झोप पार उडाली, दुपारी डोळा लागायचा तोही घाबरून उघडायचा. महिना संपला तेव्हा मला न्हाणीघरापर्यंत जायला तुमचा खांदा लागत होता. मी तुमचा चेहरा वाचला होता: सगळी वाहतूक थांबवूनही बिघाड सापडला नाही, असं तुमच्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

त्यानंतर आपण नांदेडच्या त्या सांधेवाताच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. पहिल्यांदा कुणीतरी मला आधी पूर्ण बोलू दिलं. त्यांनी जुने कागद बघितले, अंगावर ठिकठिकाणी दाबून बघितलं, झोपेचं विचारलं, थकव्याचं विचारलं, विसरण्याचं विचारलं. आणि म्हणाल्या, "याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. सांधे खराब होत नाहीत, स्नायू झिजत नाहीत. शरीरातली दुखण्याची वर्दी देणारी यंत्रणाच फार जागी झालेली असते. साध्या गोष्टीचीही ती मोठी वर्दी देते."

तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात. "मॅडम, पावसाळ्यात आमच्याकडं असंच व्हायचं. रुळाखालची खडी ओली झाली की करंट झिरपतो. लाइनवर गाडी न्हाई, काही न्हाई, अन् पॅनलवर लाल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तो लाल खोटा म्हणायचा का?"

"खोटा कसा? गाड्या थांबतात की त्यानं."

"झालं तर. यांचं दुखणंही तसंच खरं आहे."

मी त्या खोलीत रडले. दुखण्यामुळे रडले असं तुम्हाला वाटलं आणि तुम्ही पाण्याचा पेला पुढे केलात. मी रडले ते सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

मग बाईंनी तुमच्या ब्लॉकची हकीकत ऐकली आणि हसल्या. लाइन बंद करायची नाही म्हणाल्या. रोज थोडं चालायचं, अगदी थोडं, आणि हळूहळू वाढवायचं. झोपेच्या वेळा पाळायच्या. गोळ्या होत्या, पण गोळ्यांनी सगळं जाईल असं त्यांनी सांगितलं नाही, आणि हे न सांगणंच मला आवडलं. परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. निम्मी वाट गेल्यावर म्हणालात, "म्हणजे ब्लॉक न्हाई, कॉशन. गाडी चालवायची, वेग कमी ठेवायचा." तिथून पुढे आपल्या घरात तोच शब्द चालला.

माझा गुण तुम्हाला माहीतच होता. एखादा दिवस बरा उगवला की मी कपाटं उपसायचे, पडदे धुवायचे, आणि पुढचे दिवस त्याची भरपाई करत पडून राहायचे. तुम्ही ओरडला नाहीत. रेल्वेची ती हिरवी झेंडी तुमच्याकडे होती की नव्हती कोण जाणे, तुम्ही स्वयंपाकघरातला हिरवा टॉवेल घ्यायचात आणि दारात उभं राहून गंभीर चेहऱ्यानं तो वरखाली हलवायचात, गाडीला वेग कमी करायला सांगतात तसा. सावकाश. मी चिडायचे. "मी म्हणजे तुमची मालगाडी नाही." तुम्ही म्हणायचात, "मालगाडी ऐकती तरी." आणि मी बसायचे.

डबे खालच्या फळीवर आले. कुकरचं झाकण तुम्ही लावायचं, चादरी तुम्ही पिळायच्या. संध्याकाळी रेल्वे कॉलनीच्या रस्त्यानं चालणं, सुरुवातीला पाण्याच्या टाकीपर्यंत, मग शाळेच्या कुंपणापर्यंत. तुमची ढांग मोठी, तरी तुम्ही माझ्या बाजूनं अर्ध्या चालीनं चालायचात आणि ते दाखवायचा नाहीत. बुटाची नाडी बांधायला थांबायचात. चपला घातलेल्या असतानाही एकदा तुम्ही नाडी बांधायला वाकला होतात. 

आणि पूजा. आपल्या लिंगायतांत ज्यानं त्यानं गळ्यातलं आपलं इष्टलिंग आपल्या डाव्या तळहातावर घ्यायचं, ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. माझा डावा हात विभूती लावेपर्यंतच थरथरायला लागायचा. मी पूजा आटोपती घेऊ लागले आणि मनात खंत साठवू लागले. तुम्ही मला न विचारता मठातल्या स्वामींना विचारून आलात. स्वामी म्हणाले, "लिंग तळहातावर पाहिजे. कोपर कुठं ठेवावं, ते कुणी सांगितलेलं नाही." दुसऱ्या दिवशी माझ्या आसनाशेजारी चौरंग होता, त्यावर घडी घातलेलं घोंगडं. तेव्हापासून मी पूजेला हवा तितका वेळ बसते. तुम्हाला शेवटचं भिंतीला टेकवून बसवलं, तुमच्या तळहातावर तुमचं लिंग ठेवलं, बेल वाहिला, तेव्हा सगळे तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी तुमच्या कोपराकडे बघत होते. त्याखाली काही नव्हतं. कुणाला सांगावं असं ते नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते.

तुम्ही थकायचात, हे मी कधीच विसरले नाही. सोबत्यानं सतत हसतमुख राहावं अशी लोकांची अपेक्षा असते, आणि तुमच्यात ते नाटक करण्याचं अंग नव्हतं. एकदा भाजी जळली तेव्हा तुम्ही कढई मोरीत टाकलीत आणि म्हणालात, "मलाबी कंटाळा येतो, गिरिजा." मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं. तोवर मला भीती होती की तुम्ही माझ्यावर उपकार करताय. कंटाळणारा माणूस उपकार करत नसतो, संसार करत असतो. त्याच आठवड्यापासून मी तुम्हाला सोमवारच्या भजनाला घालवायला लागले. तुम्ही टाळ चुकवायचात, हे मला तिथल्या बायकांकडून कळायचं. माझा दिवस वाईट असला आणि सोमवार असला की तुम्ही उंबऱ्यात घुटमळायचात, "आज ऱ्हाऊ दे." मी म्हणायचे, "माझ्या दुखण्याला पहारा नको. जा." परत यायचात ते नवा माणूस होऊन, आणि मला गावातल्या चार गोष्टी मिळायच्या.

मग भांडण कशावरून व्हायचं? कारणावरून. शेवटपर्यंत.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की याचं एकच कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. घराण्याचा कल असतो, आणि माझ्या आईचं अंग जन्मभर मोडून यायचं. एखादा मोठा ताप असतो, कुठली पडझड, मनावरचा लांबलेला ताण, वर्षानुवर्षं मोडलेली झोप. यातलं थोडं थोडं एकत्र येतं आणि यंत्रणा बिथरते. कुणात काय मिळून आलं ते खात्रीनं सांगता येत नाही. मला हे पटलं. तुम्हाला नाही. तुमच्या खात्यात बिघाडाचं कारण लिहिल्याशिवाय सुटका नसायची. एकेक गोष्ट बाजूला काढून बघायची, ही तुमची पद्धत. तशी तुम्ही माझी वांगी काढलीत, मग दही काढलंत, मग गादी बदललीत, मग पलंगाची दिशा बदललीत. माझा चहा बंद केलात ते दिवस आपल्या लग्नातले सगळ्यात वाईट दिवस होते. शेवटी तुमचा संशय बोअरच्या पाण्यावर गेला. "पानी बदलून बघू." मी म्हणाले, "आता पुरे झालं. मी म्हणजे यार्ड नाही. मला बरं जगायचंय, माझ्यातलं कारण सापडायला नकोय." तुम्ही म्हणालात, "बरं." आणि तरी गुपचूप विकतच्या पाण्याचा जार सांगून आलात. तुम्ही गेल्यानंतरच्या आठवड्यात जारवाला दारात उभा राहिला, "आप्पांनी सांगितलं होतं," म्हणत. मी घेतला. अजून घेते. काही फरक नाही, हे तुमच्या माहितीसाठी.

एक गोष्ट मात्र मी कधी बोलले नाही. तुम्ही सगळी कारणं तपासलीत, ते एक सोडून. नोकरीभर तुम्हाला अवेळी बोलावणं यायचं. पाऊस असला की हमखास. तुम्ही निघून जायचात आणि परत येईपर्यंत मी जागी असायचे, कारण रुळावर अंधारात काम करणारा माणूस घरी आल्याशिवाय त्याच्या बायकोला झोप येत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं. डॉक्टरबाईंनी मोडलेल्या झोपेचं नाव काढलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. परतीच्या प्रवासात निम्म्या वाटेपर्यंत तुम्ही का गप्प होतात, ते मला तेव्हाच कळलं होतं. पुढे तुम्ही वांग्यावर संशय घेतलात, पाण्यावर घेतलात. तिकडे वळला नाहीत, आणि मीही वळवलं नाही.

आज सांगते. त्या जागरणांचा हात असेलही, नसेलही. चिकुनगुन्याचा असेल, आईकडून आलेल्या रक्ताचा असेल, एकदा ग्रंथालयात कपाटावरचं काढताना पडले होते त्याचा असेल. खुद्द बाईंना ठाऊक नाही ते मी कुठून सांगू? पण असलाच तरी ते तुमच्याकडून मला झालेलं काही नव्हतं. ती माझी काळजी होती, माझ्या हक्काची. तुम्ही घरी यायचात, पाय धुवायचात, आणि मग मला झोप लागायची. त्या झोपेबद्दल तुम्ही कधी विचारलंच नाहीत. ती फार चांगली असायची.

इथवर शुक्रवारी लिहून झालं. हात भरून आला म्हणून थांबले. आज शनिवार, संध्याकाळ.

दुपारच्या पॅसेंजरनं दोघं आली. पोर दत्ताच्या खांद्यावर झोपलेली. सविता खुर्चीच्या अगदी कडेला बसली, परीक्षेला बसल्यासारखी. उजव्या हातानं डावा खांदा धरला होता आणि माझ्या लक्षात आलं की तिला तो धरल्याचं माहीतही नाही. मी सोपं सोपं बोलले. रिपोर्ट चांगले आलेत ते चांगलंच आहे, म्हटलं, बरेच वाईट आजार नाहीत असा त्याचा अर्थ. दुखत नाही असा नाही. आधी नांदेडला दाखवून घ्या, ते काय आहे ते त्यांना ठरवू द्या, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. घरी सगळं काम बंद करू नकोस आणि सगळं अंगावर घेऊही नकोस. दत्ताला तुमच्या ब्लॉकची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की पोर जागी झाली. "आप्पांनी खरंच ब्लॉक घेतला व्हता?" मी म्हटलं, महिन्याचा. म्हणाला, "एवढा तर डिव्हिजनबी देत न्हाई."

मग हसू ओसरल्यावर त्यानं विचारलंच. "पण काकू, कशानं होतं हे? काहीतरी कारण असंल की. बाळंतपणात काही झालं का? का पिंगळीचं पाणीच खराब हाय?"

पाणी. अहो, मला क्षणभर इतका राग आला, आणि तो सगळा तुमच्यावरचाच होता, दत्ताच्या अंगावर निघायला टेकलेला. मी तोंड उघडलं आणि थांबले. दत्ताच्या आईनं असं कधी विचारलंय का, हे माझ्या मनात आलं. तिनं विचारलेलं नाही. शकूनंही कधी विचारलं नव्हतं. ज्याला बिघाड खोटा वाटतो तो कारण कशाला शोधेल? तुम्ही वांगी काढलीत, पलंग फिरवलात, माझा चहा तोडलात, आणि मी इतकी वर्षं समजत होते की तुम्हाला माझ्यापेक्षा तुमचं कोडं महत्त्वाचं वाटतं. तुम्ही रोज, नव्यानं, माझ्यावर विश्वास ठेवत होतात. तुमच्या पद्धतीनं. हे तुम्ही असताना कळलं असतं तर मी पाणी बदलण्यावरून इतकी भांडले नसते. नाही, भांडले असते. पण जरा कमी आवाजात.

दत्ताला मी म्हटलं, "कारण कदाचित सापडणार नाही. शोध, पण तिला ताटकळत ठेवून शोधू नकोस. कारण सापडेपर्यंत तिचं दुखणं खरं धरायचं, आणि नाही सापडलं तरी खरंच धरायचं."

तेव्हा सविता पहिल्यांदा आपण होऊन बोलली. "काकू, आप्पा तुमच्यावर कधी वैतागले न्हाईत का?"

"वैतागले की. लय वेळा. एकदा कढई टाकली होती मोरीत."

तिनं दत्ताकडे बघितलं. "ह्येंनी अजून कढई टाकली न्हाई. गप ऱ्हातात नुसते."

"मी काय बोलू?" दत्ता म्हणाला. "आजबी दुखतंय का इचारलं की तुला राग येतो."

"आजबी म्हणलं की येतो."

 बाहेर स्टेशनात त्यांच्या परतीच्या गाडीची घोषणा झाली. दत्ता सवयीनं उठला, पोरीला खांद्यावर घेतलं, एक पाऊल दाराकडे टाकलं. मग वळला आणि जरा अवघडून म्हणाला, "मग सांग. कुठं कुठं दुखायलंय?"

सवितानं आधी दाराकडे बघितलं. तिला वाटलं असावं की हे निघता निघता विचारलेलं आहे. दत्ता पुन्हा खाली बसला तेव्हा तिनं सुरुवात केली, मानेपासून. मधेच थांबायची, त्याच्याकडे बघायची, तो "मग?" म्हणायचा, आणि ती पुढे सांगायची. कुठल्या वेळी कुठं, पोरीला उचलताना कसं, थंड पाण्यात हात घातल्यावर कसं. माझ्यासमोर बोलते आहे हे ती विसरली होती. गाडीनं शिटी दिली, गाडी निघाली, आणि रेल्वेत नोकरी करणाऱ्या त्या माणसानं मान वर करून बघितलंही नाही.

मी चहा ठेवायला आत आले. साखर शोधत होते तेव्हा दत्ता पडवीत येऊन फोनवर बोलू लागला, सविताच्या भावाशी. मला जे ऐकू आलं ते तुम्हाला जसंच्या तसं सांगते.

"उद्या यायलास न्हवं? ये की. न्यायला न्हाई, जेवायला ये. सोमवारी आमाला नांदेडला जायाचंय दवाखान्यात. व्हय, दोघं बी. आईला मी सांगतो."